जकात, नाका आणि आपली नगर परिषद

मराठीत 'जकात' म्हटले की नाका आठवतो. उर्दूत 'ज़कात' म्हटले की रमजान आठवतो. माझ्या वर्गात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे हा गोंधळ दर एक-दोन वर्षांनी होतोच. 'व्यापाऱ्याने जकात चुकवली' असे वाक्य आले की एखादा मुलगा हात वर करतो, "सर, ज़कात तो फर्ज है, ती चुकवता कशी येते?"

प्रश्न लहान मुलाचा आहे, पण उत्तर सोपे नाही. शब्द एकच आहे. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनच्या दफ्तरांत आणि तिथून मराठीत आला. मराठेशाहीच्या कागदांत 'जकात' म्हणजे मालाच्या ये-जा करण्यावरचा कर. या प्रवासात शब्दाचा अर्धा अर्थ वाटेत गळून पडला. 'घेणे' तेवढे शिल्लक राहिले, 'कशासाठी घेणे' हे हरवले. आज कराविषयी आपल्या गावागावांत जो वाद चालतो, त्याचे मूळ मला या गळून पडलेल्या अर्ध्या अर्थात दिसते.

आमच्या हिवरखेडची ग्रामपंचायत अलीकडेच नगर परिषद झाली. ही मागणी जुनी होती. गाव मोठे, बाजार मोठा, सातपुड्याच्या पायथ्याची कितीतरी खेडी इथे खरेदीला येतात, मग ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशात भागायचे कसे, असे सगळेच म्हणत. आता पाटी बदलली. नाली पाहिजे, सिमेंटचा रस्ता पाहिजे, नळाला रोज पाणी पाहिजे, कचऱ्याची गाडी दारात पाहिजे, मुलांना अभ्यासिका पाहिजे. आणि त्याच दमात पुढचे वाक्य येते, "पन टॅक्स कायले वाढोता?"

या दोन वाक्यांकडे बघून हसणे सोपे आहे. 'लोकांना सगळे फुकट पाहिजे' असे म्हणून साहेबलोक मोकळे होतात. पण लोक असे का बोलतात, याला इतिहास आहे. तो समजून घेतला नाही तर नुसते उपदेश करून एक रुपयाही वसूल होणार नाही.

नमाज पढू, जकात देणार नाही

आधी शब्दाच्या मूळ घरी जाऊ. इस्लाममध्ये जकात हा दानधर्म नाही, ते बंधन आहे. ठराविक मर्यादेच्या वर, म्हणजे निसाबच्या वर, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के. शेतीच्या उत्पन्नावर उश्र. त्यातला एक भाग मला शेतकऱ्यांच्या गावात राहणारा म्हणून नेहमी विचार करायला लावतो. पावसावर पिकलेल्या शेतीला दहावा हिस्सा आणि स्वतः पाणी काढून, कष्ट करून भिजवलेल्या शेतीला विसावा हिस्सा. म्हणजे ज्याचा खर्च आणि श्रम जास्त, त्याच्यावर भार कमी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खर्चाची. कुरआनच्या सूरह तौबामध्ये (आयत ६०) जकातीचा पैसा कुठे जाईल, त्याचे आठ हकदार सांगितलेले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटसरू वगैरे. वसुली करणाऱ्या नोकरांचा पगारही त्याच यादीत आहे, लपवलेला नाही. म्हणजे घेण्याचा दर आणि देण्याचे ठिकाण, दोन्ही आधीच जाहीर.

तरीही लोक नाही म्हणाले. इ.स. ६३२ मध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे निधन झाले आणि पहिले खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यासमोर पहिलेच मोठे संकट उभे राहिले. काही टोळ्या म्हणाल्या, नमाज पढू, पण जकात मदिनेला पाठवणार नाही. आम्ही समाजात राहू, समाजाचे संरक्षण घेऊ, पण वाटा देणार नाही, असा त्याचा अर्थ होता. अबू बक्र यांनी नमाज आणि जकात यांच्यात फरक करायला ठाम नकार दिला. पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळातला एक प्रसंग सांगितला जातो. सगळ्यांना वाटून आलेल्या कापडात एवढा लांब अंगरखा कसा शिवला गेला, असे एका सामान्य माणसाने भर सभेत खलिफाला विचारले. उमर यांच्या मुलाने उठून सांगितले की, माझ्या वाट्याचा तुकडा मी वडिलांना दिला. तेव्हा कुठे सभा पुढे सुरू झाली.

हे दोन प्रसंग मी नेहमी एकत्र ठेवतो. पहिल्यात राज्य म्हणते, वाटा द्यावाच लागेल. दुसऱ्यात देणारा म्हणतो, हिशेब द्यावाच लागेल. एकाशिवाय दुसरे चालत नाही. आता हे मनात ठेवून वऱ्हाडात या.

वऱ्हाडचा पैसा कुठे गेला

हिवरखेडच्या शेजारीच अडगाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पंधरवड्यात गाविलगडही पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. त्याआधी कित्येक दशके वऱ्हाडात दोअमली होती. निजामाचाही वसुलीदार यायचा आणि भोसल्यांचाही. रयत एक, पाटील एक, पीक एक आणि हात पसरणारे दोन.

१८०३ नंतर मालक एक झाला, पण वसुलीची पद्धत आणखी वाईट झाली. निजामाच्या दरबाराला कायम पैशाची चणचण. मग जिल्ह्यांची वसुली इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने द्यायची. हैदराबादच्या सावकाराने दरबाराला आधी रक्कम मोजायची आणि नंतर वऱ्हाडातून ती नफ्यासह काढून घ्यायची. पुरणमल सावकार, पेस्तनजींची पेढी ही नावे या काळाच्या इतिहासात येतात. मक्तेदाराला गावची विहीर बुजली काय आणि रस्ता वाहून गेला काय, सारखेच. त्याची नजर फक्त पुढच्या हप्त्यावर.

२१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. कारण काय? निजामासाठी इंग्रजांनी उभी केलेली फौज, हैदराबाद कंटिंजंट. तिचा खर्च थकला होता. तो भागवायला वऱ्हाडचा महसूल लावून दिला. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या कापसाचा आणि ज्वारीचा सारा त्यांनी कधी न मागितलेल्या फौजेच्या पगारासाठी होता. पुढे नोव्हेंबर १९०२ च्या कराराने कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर घेतला. निजामाला वर्षाला २५ लाख रुपये ठरले. आपण शेत ठोक्याने देतो, तसा अख्खा प्रांत ठोक्याने गेला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला.

जोडल्यावर नवी तक्रार सुरू झाली. कापसामुळे वऱ्हाडचा महसूल भरघोस आणि खर्च मात्र नागपूर-जबलपूरकडे, असे वऱ्हाडच्या पुढाऱ्यांचे म्हणणे होते. १९२० च्या दशकात खर्चाच्या वाटपासाठी 'सिम फॉर्म्युला' काढावा लागला तो या भांडणामुळेच. स्वातंत्र्यानंतर राज्ये बदलली, भांडण तेच राहिले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन मिळाले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने कोणत्या भागात किती काम मागे पडले ते मोजले आणि 'अनुशेष' हा शब्द आमच्या बोलण्यात कायमचा बसला.

हा सगळा इतिहास सांगायचे कारण एवढेच, की वऱ्हाडी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या एकच अनुभव आला. पैसा इथून निघतो आणि दुसरीकडे जातो. मग तो दोन गोष्टी शिकला. एक, देताना हात आखडता घ्यायचा. दोन, मागायचे ते वरून मागायचे. हैदराबादकडून, नागपूरकडून, मुंबईकडून. आपल्याच गावाच्या पैशातून गावाचे काम करायचे, ही सवय लागायला वेळच मिळाला नाही.

मीठ आणि पाणी

याच्या जोडीला स्वातंत्र्यलढ्याचा एक धडा आहे आणि तो आपल्या अगदी दाराशी घडला. वऱ्हाडला समुद्र नाही. तरीही १९३० च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नाही तर मीठ कुठून आणले? विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी एवढे खारे की ते आटवून मीठ काढले आणि सरकारचा कायदा मोडला. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला.

कर न देणे ही तेव्हा देशभक्ती होती आणि ती योग्यच होती. ज्या सरकारला तुम्ही निवडले नाही, ज्याला तुम्ही काढू शकत नाही, त्याला पैसे का द्यायचे? पण १९४७ नंतर प्रश्न बदलला आणि आपली सवय तशीच राहिली. सरकारची फसवणूक म्हणजे शौर्य, असा एक भाव आपल्या बोलण्यात अजून आहे. "मी तर दहा वर्षांपासून पट्टी भरली नाही" हे वाक्य चौकात अभिमानाने बोलले जाते.

आणि बघा, दहीहांड्याच्या ज्या खाऱ्या पाण्याने मिठाचा कर नाकारायला मदत केली, तेच पाणी आज कराची गरज सांगते. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिता येत नाही. ते वर्षानुवर्षे पिऊन मूत्रपिंडाचे आजार होतात, हे घराघराला माहीत आहे. म्हणून लांबून, धरणातून गोडे पाणी आणावे लागते. अकोट-तेल्हारा भागातल्या ८४ खेडी योजनेचे नाव आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. सातपुड्यातल्या वान धरणाचे पाणी नळाने खाली खेड्यांपर्यंत नेणारी ही योजना. अशा योजनांचे दुखणे सगळीकडे सारखेच असते. पाणीपट्टी थकते. थकली की विजेचे बिल आणि दुरुस्ती थकते. दुरुस्ती थकली की नळ चार-आठ दिवसांनी येतो. नळ असा आला की लोक म्हणतात, पाणीच नाही तर पट्टी कशाची? प्रत्येकाचे म्हणणे आपल्या जागी बरोबर असते आणि सगळे मिळून तहानलेले राहतात.

विहिरीच्या काठावर बसून कोणी एकटा मीठ करू शकतो. धरणाचे पाणी कोणी एकटा आणू शकत नाही. कराची गोष्ट इथेच सुरू होते.

नाका गेला तेव्हा

आता पुन्हा आपल्या मराठी जकातीकडे येऊ. अकोट, बाळापूर अशा जुन्या गावांच्या वेशीवर जकात नाके होते. बाहेरून येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घ्यायची. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून येई. पद्धत वाईट होती, यात शंका नाही. ट्रकांच्या रांगा, वजनकाट्यावरची वादावादी, हातात सरकवलेल्या नोटा. व्यापारी वैतागले होते. १९९९ मध्ये महाराष्ट्र सरकारने नगर परिषदांची जकात बंद केली. महानगरपालिकांची चालू राहिली. तिथे २०१० पासून टप्प्याटप्प्याने 'एलबीटी' आला, त्याविरुद्ध व्यापाऱ्यांचे बंद झाले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठवला गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली.

नाका गेल्याचे दुःख कोणालाच झाले नाही. पण त्याच्या जागी काय आले ते बघा. नगर परिषदांचे बुडालेले उत्पन्न भरून काढायला राज्य सरकार सहायक अनुदान देऊ लागले. म्हणजे गावाच्या वेशीवर गोळा होणारा पैसा आता मंत्रालयातून येऊ लागला. कर्मचाऱ्यांचे पगार अनुदान कधी येते त्यावर अवलंबून. अनुदान लांबले की झाडूवाल्याच्या घरची चूल थांबते. आणि नागरिकाच्या मनात हळूहळू हे पक्के झाले की नगर परिषदेचा पैसा 'सरकारचा' असतो, 'आपला' नसतो.

आपला नसलेल्या पैशाचा हिशेब कोण मागतो? नाक्यावर पैसे मोजणारा व्यापारी निदान नगराध्यक्षाला अडवून विचारायचा, इतकी जकात देतो, बाजारातला रस्ता कुठे आहे? अनुदान आल्यावर तो प्रश्न मुंबईला विचारायचा झाला, म्हणजे विचारायचाच राहिला. ठेकेदार, नगरसेवक आणि अधिकारी यांना याहून सोयीची गोष्ट कोणती? ज्या नगरपालिकेला लोकांच्या पैशाची गरज नाही, तिला लोकांच्या प्रश्नांचीही भीती नाही.

एक कर, जो लोकांनी मान्य केला

मग लोक कधीच आपणहून कर मान्य करत नाहीत का? महाराष्ट्राच्याच इतिहासात याचे उत्तर आहे.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. वारकरी वृत्तीचा माणूस. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही त्यांची कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. १९७२ चा दुष्काळ आला आणि रोजगार हमी योजना राज्यभर गेली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना खडी फोडलेले ते दिवस आठवतात. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव झाले.

पण त्याला पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी रोजगार हमीसाठी म्हणून हा कर द्यायचा. शिवाय आणखी काही करांवर अधिभार लावले. जेवढे या करांतून येईल तेवढेच राज्य सरकार आपल्याकडून घालेल, असे ठरले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कपात व्हायची आणि दुष्काळी तालुक्यातल्या बाईच्या हातात मजुरी पडायची. एवढी मोठी गोष्ट, पण त्याविरुद्ध महाराष्ट्र पेटला नाही. कारण पैसा कशासाठी घेतो ते कराबरोबरच सांगितले होते. आठ हकदार सांगून घेतलेल्या जकातीची आठवण यावी, असा हा कर होता. २००५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आता पुढचे ऐका. घटनेच्या २७६ व्या कलमात व्यवसाय कराची कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २,५०० रुपये केली. ती आजही तेवढीच आहे. माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले असतात. शिक्षकांच्या खोलीत विचारून बघा, हा कर कशासाठी सुरू झाला? दहांत एखाद्याला सांगता येईल. मधल्या काळात रोजगार हमीच्या नावाने जमा झालेला पैसा पूर्ण खर्च न होता मागे पडत गेला, यावरही टीका झाली. कर राहिला, त्याची गोष्ट विसरली गेली. गोष्ट विसरली की कर म्हणजे नुसती कपात. जकात शब्दाचे जे झाले, तेच व्यवसाय कराचे झाले.

कर कोण देत नाही?

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. "मोजके लोक टॅक्स देतात आणि बाकीचे खातात" असे आजकाल फार ऐकू येते. कधी ते गरिबांबद्दल असते, कधी शेतकऱ्यांबद्दल, कधी आमच्या मोहल्ल्यांबद्दल. आयकर देणारे थोडे आहेत हे खरे. पण साबणाची वडी, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, गाडीतले पेट्रोल, विजेचे बिल, या प्रत्येकात कर आहे. आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई घरी जाताना जे सामान नेते, त्यात ती कर देते. तिला पावती मिळत नाही, म्हणून तिला ते माहीत नसते. आणि माहीत नसते म्हणून ती त्यावर हक्कही सांगत नाही.

गंमत अशी की हा न दिसणारा कर सगळ्यात जास्त आणि त्याविषयी आपण गप्प. घरपट्टी, पाणीपट्टी त्यामानाने किती? पण ती दिसते. घरी कागद येतो, वसुलीचा माणूस दारात उभा राहतो, म्हणून राग सगळा तिच्यावर. खरे तर सगळ्या करांत हाच एक कर असा आहे, की ज्याचा हिशेब विचारायला दिल्लीला जायला नको आणि मुंबईलाही नको. पायी चालत जाता येते. ज्याला विचारायचे तो आपल्याच गल्लीतला असतो, त्याच्या लग्नाला आपण गेलेलो असतो. सगळ्यात लहान कर सगळ्यात नावडता आणि तोच सगळ्यात जास्त आपल्या हातातला.

मस्जिदीचा फलक

आपल्याकडे लोकांना पैसे देताच येत नाहीत, असे कोणी म्हटले तर मी त्याला मस्जिदीचा फलक दाखवीन. जुम्याला चंदा होतो, आणि बऱ्याच मस्जिदींत जमा-खर्च खडूने फळ्यावर लिहिलेला असतो. विजेचे बिल इतके, इमामसाहेबांचा पगार इतका, मोटार दुरुस्ती इतकी, शिल्लक इतकी. हातगाडीवाला दहा रुपये टाकतो आणि नंतर फळा वाचतो. गावातल्या हरिनाम सप्ताहाचेही तसेच. वर्गणीची यादी लागते, पंगतीचा खर्च सगळ्यांना माहीत असतो. गाडगेबाबा तर आमच्याच वऱ्हाडचे. खराटा हातात घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाने लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि लोकांनी तो पैसा विश्वासाने दिला.

पण यावरून 'मग चंद्यानेच गाव चालवा' असे कोणी म्हणू नये. चंदा मस्जिदीच्या भिंतीपाशी थांबतो, वर्गणी मंदिराच्या पायरीपाशी. नालीला असे थांबता येत नाही. ती सगळ्यांच्या दारावरून जाते. मधले एक दार सोडले तर पाणी तिथेच तुंबते आणि डास पुढच्या गल्लीतही येतात. चंदा आपण आपल्या माणसांना देतो. कर आपण अशांसाठीही देतो, ज्यांच्याशी आपले बोलणेही नाही. म्हणून कर हा चंद्यापेक्षा मोठा आहे आणि म्हणूनच कठीणही.

चंद्याकडून फक्त फळा घ्यायचा. नगर परिषदेने प्रत्येक प्रभागात एक फळा लावावा. या प्रभागातून घरपट्टी किती आली, किती थकली, नालीवर किती खर्च झाला, ठेका कोणाला, काम कधी संपणार. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे आणि अर्ज न करताही बरीच माहिती जाहीर करणे त्यात बंधनकारक आहे. फळ्याला फार तर दोनशे रुपये लागतील.

आणि आपणही काही करायचे आहे. घरपट्टीची आकारणी झाली की यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. कायद्यातच ही सोय आहे. त्या वेळी आपण घरात बसतो आणि बिल आले की चौकात ओरडतो. कुडाच्या घराला आणि तीन मजली दुकानाला आकारणी कशी लावली, हे तेव्हाच विचारायचे. उश्रमधला दहावा आणि विसावा हिस्सा आठवा. ज्याला झेपते त्याने जास्त, ज्याला झेपत नाही त्याने कमी, हे मागणे न्यायाचे आहे. कोणीच नको, हे मागणे न्यायाचे नाही. दरवर्षी नगर परिषदेचे अंदाजपत्रक होते. त्यात आपल्या मोहल्ल्याच्या नालीला, उर्दू आणि मराठी शाळेच्या खोलीला, दवाखान्याला किती ठेवले ते विचारायला चार जणांनी जावे. मुस्लिम वस्त्यांत नाली नाही, दिवा नाही, ही तक्रार खरी आहे आणि ती मी स्वतः अनेकदा करतो. पण हातात भरलेल्या पट्टीची पावती असली तर त्या तक्रारीला वजन येते. 'मेहेरबानी करा' याऐवजी 'आमचा वाटा कुठे' असे विचारता येते.

'आधी काम, मग पट्टी' असे लोक म्हणतात. 'आधी पट्टी, मग काम' असे कार्यालय म्हणते. दोघांनी एकमेकांची वाट पाहण्यात वऱ्हाडची दोनशे वर्षे गेली. आता कोणी मक्तेदार नाही, रेसिडेंट नाही, पट्ट्यावर प्रांत देणारा निजाम नाही. नगर परिषद नवी आहे, तिच्या सवयी अजून लागायच्या आहेत. पहिल्या चार-पाच वर्षांत लोकांनी पट्टी भरून हिशेब मागितला, तर तिला हिशेब द्यायची सवय लागेल. भरलीच नाही, तर अनुदानाकडे डोळे लावून बसायची सवय लागेल. ती एकदा लागली की मोडायला आपल्या मुलांचे आयुष्य जाईल.